न बोलणाऱ्या लेकराची दाढ

आपली दाढ दुखली की आपण घर डोक्यावर घेतो. गालावर हात धरून बसतो, लवंग शोधतो, दोन दिवस कळ सोसून शेवटी डॉक्टर गाठतो. कारण आपल्याला सांगता येते. पण ज्या लेकराला बोलता येत नाही, ज्याची मान स्थिर राहत नाही, ज्याचा हात तोंडापर्यंत नीट पोहोचत नाही, त्याची दाढ दुखली तर? ते रडते, जेवण टाकते, रात्रभर झोपत नाही. आणि घरातली माणसे, शेजारी, कधी कधी तपासणारेही म्हणतात, ‘त्याचा आजारच तसा आहे, त्याला काय करणार!’

या एका वाक्यापायी किती लेकरे महिनोन्‌महिने दुखणे सोसत राहतात, हे आम्हाला या लेखात मांडायचे आहे. मेंदूचा आजार हा एक आजार आहे आणि दाढेची कीड हे वेगळे दुखणे आहे. मेंदूला जन्मताना झालेली इजा कदाचित भरून निघणार नाही. कीड मात्र टाळता येते, थांबवता येते, दुखणारी दाढ बरी करता येते. जे बरे होणार नाही त्याच्या नावाखाली जे बरे होणारे आहे तेही सोडून देऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

कोणत्या मुलांविषयी आपण बोलतो आहोत?

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा झाल्याने हातपाय ताठ किंवा लुळे राहिलेली मुले. वरचेवर फिट येणारी मुले. डाउन सिंड्रोमची मुले. स्वमग्न मुले. ज्यांची बुद्धी वयाच्या मागे राहिली आहे अशी मुले. आणि यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच देही घेऊन आलेली मुले. पूर्वी या सर्वांना सरसकट ‘मतिमंद’ किंवा ‘अपंग’ म्हटले जाई. आज कायद्याने त्यांची वेगवेगळी नोंद होते आणि ते योग्यच आहे, कारण प्रत्येकाचे तोंड वेगळे आणि त्याची काळजीही वेगळी.

पारोळा हे तालुक्याचे गाव. एका बाजूला धुळे, दुसऱ्या बाजूला एरंडोल ओलांडून जळगाव. मोठी रुग्णालये या दोन टोकांना. आपल्या वस्तीतली आई कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळीच घर सोडते, बाप हमालीला किंवा गवंड्याच्या हाताखाली जातो आणि असे लेकरू आजीच्या नाहीतर थोरल्या बहिणीच्या हवाली राहते. ‘पोऱ्या खात नही, रातभर रडस,’ असे आजी सांगते. मग कुणी दृष्ट काढायला सांगते, कुणी अंगारा लावते, कुणी ‘बाहेरचे आहे’ म्हणून मांत्रिकाकडे पाठवते. लेकराचे तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात आत पाहावे, हे मात्र कुणाला सुचत नाही.

दुखणे ओळखायचे कसे?

लेकरू सांगत नाही, पण त्याची वागणूक सांगते. पुढीलपैकी काही नव्याने सुरू झाले असेल तर प्रथम तोंड पाहावे:

एरवी आवडीने खाणारे मूल घास तोंडात घेऊन थांबते, किंवा एकाच बाजूने चावते. गार पाणी लागताच दचकते. स्वतःच्या गालावर, कानावर, जबड्यावर मारून घेते. सारखा हात किंवा कापड चावते. लाळ नेहमीपेक्षा जास्त गळते, तिला वास येतो. रात्री झोपेतून रडत उठते. दात घासायला घेतले की एरवीपेक्षा जास्त झगडते. हातपाय नेहमीपेक्षा जास्त ताठ होतात. गालावर किंवा जबड्याखाली सूज दिसते, हिरडीवर पुटकुळी येते.

दाढेवर काळा खड्डा असेल तर कुणालाही कळेल. पण कीड सुरू होताना डाग काळा नसतो, पांढरट खडूसारखा असतो, तोही बहुधा हिरडीलगत. वरच्या पुढच्या दातांवर असा डाग दिसला तर ती पहिली सूचना समजावी. या पायरीवर कीड थांबवणे सर्वांत सोपे आणि सर्वांत स्वस्त.

याच मुलांचे दात का बिघडतात?

लोक म्हणतात, ‘अशा मुलांचे दात मुळातच खराब असतात.’ हे अर्धेच खरे आहे. मेंदूला लवकर इजा झालेल्या काही मुलांच्या दातांवरचे कवच कच्चे बनते हे खरे. पण बहुतेक बिघाड दात उगवल्यानंतर होतो.

पहिले कारण घास. ज्याची जीभ आणि गाल नीट हलत नाहीत त्याच्या तोंडात घास रेंगाळतो. आपण जेवल्यावर जिभेने कानाकोपरा साफ करतो, त्याला ते जमत नाही. चावता येत नाही म्हणून त्याला मऊ आणि चिकट तेच मिळते: चहात बुडवलेले बिस्कीट, दुधात कुस्करलेले केळे, साखर घातलेला रवा. हे गालफडात तासन्‌तास चिकटून राहते. वजन वाढावे म्हणून दिवसातून सात-आठ वेळा भरवले जाते, म्हणजे तेवढ्या वेळा दातांवर आम्लाचा मारा होतो.

दुसरे कारण औषध. लहान मुलांची बरीच पातळ औषधे गोड असतात. फिटचे औषध रात्री झोपताना दिले आणि तसेच निजवले, तर ती साखर रात्रभर दातांवर बसते. झोपेत लाळही कमी सुटते, त्यामुळे ती धुतली जात नाही. याउलट लाळ कमी व्हावी किंवा अंगाचा ताठरपणा कमी व्हावा म्हणून दिलेल्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते. लाळ ही दातांची नैसर्गिक राखणदार आहे. ती आटली की कीड लवकर लागते.

तिसरे कारण उलटी. सेरेब्रल पाल्सीच्या अनेक मुलांचे अन्न जठरातून वर येते. त्या आम्लाने दातांचे कवच झिजते. मूल वारंवार गुळण्या काढत असेल, तोंडाला आंबूस वास येत असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे. उलटी झाल्यावर लगेच ब्रश घासू नये. पाण्याने किंवा ओल्या कापडाने तोंड पुसून अर्ध्या तासाने घासावे.

चौथे कारण दात खाणे. मूल झोपेत किंवा जागेपणी करकरा दात खाते आणि आपण जंताचे औषध आणतो. मेंदूच्या आजाराच्या मुलांत दात खाणे फार सामान्य आहे आणि त्याचे कारण बहुधा जंत नसतात. दात झिजून आखूड झाले, कळ येऊ लागली, तर दंतवैद्याला दाखवावे.

नाकातून नळीने अन्न घेणाऱ्या मुलाच्या आईला वाटते, तोंडातून खातच नाही तर दात कशाला घासायचे? उलट अशा मुलांच्या दातांवर किटण जास्त साठते, कारण चावण्याने होणारी घासपूस होत नाही. आणि किटणातले जंतू लाळेबरोबर चुकीच्या वाटेने फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. ज्याला गिळताना ठसका लागतो त्या लेकराचे तोंड स्वच्छ ठेवणे म्हणजे त्याच्या छातीची राखण करणे होय.

फिटच्या औषधाने फुगलेल्या हिरड्या

फेनिटॉइन हे औषध फिटसाठी १९३८ साली वापरात आले. आपल्याकडे ते एप्टॉइन या नावाने अनेक घरांना माहीत आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी नोंदवले की ते घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढतात. सुमारे निम्म्या रोग्यांत हे दिसते. हिरडी फुगते, दातांवर चढते, कधी निम्मा दात झाकून टाकते, ब्रश लागताच रक्त येते. रक्त येते म्हणून आई ब्रश बंद करते. मग किटण वाढते आणि हिरडी आणखी फुगते.

येथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. एक, रक्त येते म्हणून घासणे थांबवू नये. मऊ ब्रशने रोज दोन वेळा घासल्यास ही वाढ बरीच आटोक्यात राहते. दोन, हिरडी फुगली म्हणून फिटचे औषध आपल्या मनाने कधीही बंद करू नये. औषध अचानक तोडल्यास फिटवर फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. औषध बदलता येईल का, हे फिटच्या डॉक्टरांना विचारावे. आज दुसरी औषधेही आहेत. वाढलेली हिरडी दंतवैद्य कापून नीट करू शकतात, पण नंतर स्वच्छता राखली नाही तर ती पुन्हा वाढते.

व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाने काही मुलांत रक्त गोठण्यास वेळ लागतो. म्हणून दात काढण्यापूर्वी कोणते औषध चालू आहे ते दंतवैद्याला सांगितलेच पाहिजे.

फिट येत असताना दातखिळी बसते म्हणून तोंडात चमचा कोंबण्याची आणि नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची रीत अजून गेलेली नाही. चमच्याने दात तुटतात आणि तुटका तुकडा श्वासनळीत जाऊ शकतो. तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ घडी ठेवावी, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तडक रुग्णालय गाठावे. फिट येणाऱ्या मुलाचा दुधाचा दात फार हलत असेल तर तो वेळीच काढून घेणे बरे.

डाउन सिंड्रोमची आणि स्वमग्न मुले

डाउन सिंड्रोमच्या मुलांचे दात उशिरा येतात, क्रम सोडून येतात, एखादा येतच नाही. आपल्याकडे वरचे दात आधी आले की मामाला जड जाते, अशी समजूत आहे. त्यापायी आईला आणि तिच्या माहेरला बोल लावला जातो. दातांच्या क्रमाचा मामाच्या आयुष्याशी काडीचाही संबंध नाही. या मुलांना कीड तुलनेने कमी लागते, पण हिरड्यांचा आजार लहान वयातच जडतो आणि चांगले दात हलून पडतात. म्हणून त्यांची हिरडी सांभाळावी. शिवाय दहापैकी चार-पाच मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. हृदयाचा कागद दंतवैद्याला दाखवावा. काही दोषांत दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक औषध द्यावे लागते.

स्वमग्न मुलांची अडचण निराळी. ब्रशचा स्पर्श, पेस्टची चव, यंत्राचा आवाज, डोळ्यांवरचा दिवा यांतली एखादी गोष्टही त्यांना असह्य होते. ते हट्टी किंवा बिघडलेले नाहीत. त्यांना ती गोष्ट खरोखरच बोचते. पेस्टच्या तिखटपणाने मूल पळत असेल तर आधी नुसत्या ओल्या ब्रशने सुरुवात करावी. पहिल्या दिवशी ओठाला स्पर्श, चौथ्या दिवशी पुढच्या दाताला, आठवड्याने दाढेला. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच क्रम आणि घासताना दहापर्यंत मोजणे. दहा झाले की थांबायचे, हा शब्द मोडायचा नाही. मुलाला विश्वास बसला की दहाचे वीस करता येतात.

दात घासायचे तरी कसे?

बौद्ध वाङ्मयात दातांच्या स्वच्छतेचा विचार फार जुना आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्यास सांगितले आणि त्याचे पाच लाभ गणले आहेत: डोळ्यांना हितकर, तोंडाला दुर्गंधी नाही, चवीच्या वाटा शुद्ध राहतात, पित्त-कफ अन्नाला वेढत नाहीत, अन्न रुचते. यातला शेवटचा लाभ आपल्या विषयाशी नेमका जुळतो. ज्या लेकराचे तोंड स्वच्छ त्याला घास गोड लागतो, आणि ज्याला घास गोड लागतो त्याचे वजन वाढते.

आता प्रत्यक्ष कृती पाहू.

लेकराला आडवे पाडून, डोके मागे लटकवून घासू नये, ठसका लागतो. आईने भिंतीला टेकून बसावे, मुलाला पुढ्यात घ्यावे, त्याची पाठ आपल्या छातीला, डोके आपल्या डाव्या हाताच्या कोपरात, हनुवटी किंचित खाली. लहान मूल असेल तर दोघांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावे. मुलाचे डोके एकाच्या मांडीवर थोडे उंच, पाय दुसऱ्याकडे. एकाने हात धरावेत, दुसऱ्याने घासावे. चाकाच्या खुर्चीतील मोठ्या मुलामागे उभे राहून घासावे.

बोट दातांमध्ये घालू नये. या मुलांचे जबडे आपोआप घट्ट मिटतात, त्यात त्यांचा दोष नसतो. बोट घालायचे तर गाल आणि दात यांच्यामध्ये, बाहेरून घालावे आणि गाल हलकेच बाजूला करावा. आधी बाहेरची बाजू पूर्ण घासावी. तोंड उघडले की आतली आणि चावायची बाजू. दंतवैद्याकडून तोंड उघडे ठेवण्याची रबरी ठोकळी मिळते, ती वापरायची रीत त्यांच्याकडूनच शिकून घ्यावी.

ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ असावा, तीन महिन्यांनी बदलावा. मूल स्वतः ब्रश धरू पाहत असेल तर दांडीला सायकलच्या हँडलची मूठ बसवावी किंवा जुने कापड गुंडाळून दांडी जाड करावी. त्याला आधी घासू द्यावे, मग आपण घासावे. त्याचा हातही तयार होतो आणि मानही राहतो.

पेस्ट फ्लोराइडची असावी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरे. ज्याला थुंकता येत नाही त्याला मोठेपणीही दाण्याएवढीच लावावी आणि फेस ओल्या मलमलीच्या कापडाने पुसून घ्यावा. चूळ भरायला लावू नये, पाणी ओतू नये. राखुंडी, मीठ, विटेची पूड यांनी कवच झिजते. मशेरी तर कुणाच्याही, लेकराच्या तर नाहीच नाही, दातांना लावू नये. तंबाखू असलेल्या मंजनावर आणि पेस्टवर १९९२ सालीच बंदी आली आहे.

दिवसातून दोन वेळा घासावे. एकच वेळ जमत असेल तर ती रात्रीची असावी, शेवटचे औषध दिल्यानंतर. दुपारच्या जेवणानंतर निदान ओल्या कापडाने गालफड पुसून घ्यावे. गोड जेवणाबरोबर द्यावे, मधल्या वेळी नको. केळे बंद करायची गरज नाही, ते जळगावचे धन आहे आणि गिळायला सोपे आहे. त्यात साखर घालू नये आणि नंतर तोंड पुसावे. औषधाची साखर नसलेली पातळ बाटली किंवा विरघळणारी गोळी मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे.

हे सारे काम आईच्याच पदरात का पडावे? दिवसभर तिने राबायचे आणि रात्री तिनेच लेकराचे तोंड धुवायचे, हा न्याय नव्हे. रात्रीचे दात घासणे बापाने आपल्याकडे घ्यावे. लेकराला धरायला त्याच्या हातात बळही जास्त असते.

दंतवैद्याकडे जाताना

पहिला वाढदिवस होईपर्यंत एकदा दात दाखवावेत आणि नंतर दर सहा महिन्यांनी. दुखत नसताना गेलेले मूल त्या खुर्चीला भीत नाही. पहिल्या खेपेला नुसते बसून यायचे. दंतवैद्यकात ‘सांगा, दाखवा, करा’ अशी पद्धत १९५९ पासून शिकवली जाते: आधी सांगायचे, मग वस्तू हातावर लावून दाखवायची, मगच तोंडात करायचे. ही पद्धत वापरणारा दंतवैद्य आपल्या मुलासाठी योग्य समजावा.

बरोबर सर्व औषधांच्या चिठ्ठ्या, शेवटची फिट कधी आली ती तारीख, हृदयाचा कागद आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र न्यावे. सकाळची पहिली वेळ मागावी, म्हणजे ताटकळावे लागत नाही. मुलाचे आवडते खेळणे, चादर बरोबर असू द्यावी. खुर्ची पूर्ण आडवी करू नका, ठसका लागतो, असे आपणहून सांगावे. सुई देऊन बधिर केल्यास पुढचे दोन-तीन तास लक्ष ठेवावे, कारण बधिर ओठ मूल चावून रक्तबंबाळ करते.

ड्रिल लावू न देणाऱ्या मुलासाठीही आज उपाय आहेत. १९८० च्या दशकात टांझानियात, वीजही नसलेल्या खेड्यांसाठी, हाताच्या अवजाराने कीड खरवडून सिमेंट भरण्याची पद्धत निघाली. तिला ना आवाज, ना सुई. दुसरे म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव. किडक्या जागेवर काडीने लावले की कीड थांबते. जागा काळी पडते, पण दुखणे टळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही दोन्ही द्रव्ये, म्हणजे ते सिमेंट आणि हे फ्लोराइड, अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. दंतवैद्याला त्यांचे नाव घेऊन विचारायला संकोच करू नये.

बऱ्याच दाढा किडल्या असतील आणि मूल हातच लावू देत नसेल तर रुग्णालयात संपूर्ण भूल देऊन एकाच वेळी सारे दात नीट करता येतात. भूल म्हटले की आई-बाप घाबरतात. भूलतज्ज्ञ आणि सोयी असलेल्या रुग्णालयातच ते करावे. उपाशी किती तास ठेवायचे आणि सकाळची फिटची गोळी द्यायची की नाही, हे भूलतज्ज्ञांना नेमके विचारून घ्यावे. मात्र ‘भूल द्यायचीच आहे तर सगळे दात काढून टाका’ असा सल्ला मिळाला तर थांबून विचारावे: वाचणारे कोणते, भरता येणारे कोणते? ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हेही खरे कारण नव्हे. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या लवकर गेल्या तर चावणे जाते आणि पक्के दात वाकडे येतात.

जायचे कुठे आणि हक्क कोणता?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात २१ आहेत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार आणि बहुविध दिव्यांगत्व हे त्यात आले. याच्या २५ व्या कलमात शासनावर जबाबदारी टाकली आहे: ठरलेल्या उत्पन्नमर्यादेतील कुटुंबांना जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा, सरकारी व खाजगी दोन्ही रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश, आणि तपासणीत व उपचारांत प्राधान्य. म्हणजे रांगेत आधी घ्या म्हणणे ही भीक नव्हे, तो हक्क आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासणारे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. तपासायच्या आजारांत दातांचे आजारही आहेत आणि फिटही. पण जे मूल शाळेतच जात नाही ते नजरेतून सुटते. म्हणून आशाताईला, अंगणवाडीताईला आपल्या लेकराचे नाव आधीच देऊन ठेवावे आणि पथक आले की त्याला उचलून न्यावे. पथकाकडून पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळवावी. जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या योजनेत दंतवैद्याचेही पद धरलेले आहे.

पारोळ्याच्या कुटीर रुग्णालयात आधी चौकशी करावी. पुढच्या उपचारासाठी धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तसेच अण्णासाहेब चूडामण पाटील यांच्या नावाचे खाजगी दंत महाविद्यालयही आहे. जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो आणि तेथे खर्च सहसा खाजगी दवाखान्याहून कमी येतो. शासकीय दंत महाविद्यालय हवे असेल तर चाळीसगाव-कन्नड मार्गे छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. एसटीत दिव्यांगांना भाड्यात सवलत आहे, प्रमाणपत्रावरील टक्केवारी जास्त असेल तर सोबत्यालाही मिळते. आगारात विचारून पास काढावा.

१९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध दिव्यांगत्व असणाऱ्यांना तीत एक लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो आणि बाह्यरुग्ण खर्चात दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही समावेश आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी अगदी थोडी असते. मूळ पावत्या जपून ठेवाव्यात, त्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत.

जगाने उशिरा पाहिले, आपण उशीर करू नये

आपल्याकडे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी १९७२ साली मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली, तेव्हा अशी मुले शिकू शकतात हेच लोकांना पटवावे लागत होते. शिक्षणाचे हे झाले. दातांकडे लक्ष जायला अमेरिकेसारख्या देशातही वेळ लागला. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या स्पेशल ऑलिंपिक स्पर्धा १९६८ मध्ये सुरू झाल्या. त्या खेळाडूंचे दात तपासण्याचा कार्यक्रम मात्र बोस्टनचे दंतवैद्य डॉ. स्टीव्हन पर्लमन यांनी १९९३ मध्ये सुरू केला. तोवर पंचवीस वर्षे ही मुले मैदानात धावत होती, पण त्यांच्या तोंडात काय आहे हे पाहण्याची सोय त्या स्पर्धांत नव्हती.

आपल्या वस्तीला पंचवीस वर्षे थांबण्याचे कारण नाही. महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने आपल्या भागातील अशा मुलांची यादी करावी. चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी धुळ्याला जावे, म्हणजे गाडीखर्च वाटला जातो आणि एकट्या आईची हिंमतही खचत नाही. शिकलेल्या मुलींनी प्रमाणपत्राचे आणि विम्याचे अर्ज भरून द्यावेत. गावात शिबिर घेणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगावे की आमच्याकडे अशी मुले आहेत, त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढा.

आणि आजपासून प्रत्येक घराने एवढे करावे. रात्री भांडी झाली की बॅटरी घ्यावी, लेकराला पुढ्यात घ्यावे, ओठ उचलून वरचे दात पाहावेत, गाल बाजूला करून दाढा पाहाव्यात. काळे, पांढरे, सुजलेले काही दिसले तर दिवस मोजत बसू नये. काही दिसले नाही तर मऊ ब्रशने घासून त्याला निजवावे.

त्याला सांगता येत नाही, म्हणून आपण विचारायचे. त्याला तोंड उघडता येत नाही, म्हणून आपण प्रेमाने उघडायचे. घास सुखाने चावावा एवढा हक्क त्या लेकरालाही आहे.